आयुर्वेद सुरू करायचाय? आधी स्वतःची भूक बघायला शिका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या आपल्या पट्ट्यात आयुर्वेद अजिबात नाही असं घर सापडणं अवघडच, कुणाकडे हिंगाष्टकची बाटली, कुणाकडे बाळंतिणीचा काढा, कुणाचे आजोबा झाडपाल्याचं औषध द्यायचे. पण नव्या माणसाने विचारलं की बाबा सुरू नेमकं कुठनं करायचं, तर धड कुणी सांगत नाही. एकजण म्हणतो गुळवेल घे, दुसरा म्हणतो पंचकर्म करून ये, तिसरा मोबाईलवर प्रकृतीची टेस्ट पाठवतो. माझं मत सरळ आहे, औषध सगळ्यात शेवटी. आधी भूक, पोट, झोप हे बघायला शिकायचं, त्याशिवाय वैद्यांकडे जाऊनसुद्धा तुम्हाला धड काही सांगता येणार नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच बाजूला काढू. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, दम लागून बोलता येईना, तान्ह्या बाळाला तापात झटका आला, जुलाब-उलट्या होऊन लघवीच बंद झाली, तर वैद्य शोधत बसायचं नाही, सरळ मोठा दवाखाना गाठायचा. ऊसतोडीच्या दिवसांत साप चावतात, तेव्हाही तेच, विषारी सापावर अँटिव्हेनम हेच औषध, मुळी उगाळून लावण्यात वेळ घालवायचा नाही.

थोडी थिअरी, कामापुरती

वात, पित्त, कफ ही नावं सगळ्यांना माहीत असतात पण बरेच लोक त्याला गॅस, ॲसिडिटी आणि छातीतला कफ एवढंच समजतात. खरं तर ते गुणांवरून ओळखायचं असतं. वात म्हंजे रुक्ष, हलका, थंड, चंचल. पित्त म्हंजे गरम, तीक्ष्ण, पातळ, जरासं स्निग्ध. कफ म्हंजे जड, थंड, चिकट, स्थिर. असे एकूण वीस गुण, दहा जोड्या, जड-हलका, थंड-गरम, स्निग्ध-रुक्ष वगैरे. आणि नियम एकच, सारख्याने सारखं वाढतं आणि उलट्याने कमी होतं. अंग कोरडं पडलंय, पोट साफ नाही, झोप उडालीय आणि वर तुम्ही चुरमुरे, फरसाण, थंड पाणी आणि रात्रीचं जागरण चालू ठेवलंय, तर वात वाढणारच की. तिथे गरम, तुपातेलाचं, वेळेवरचं जेवण हे उलटं झालं.

वेळेचंही असंच असतं. सकाळी कफाचा जोर, दुपारी पित्ताचा, संध्याकाळकडे वाताचा, रात्रीचे पण तसेच तीन भाग. वयातही तेच, लहानपण कफाचं, तरुणपण पित्ताचं, म्हातारपण वाताचं. म्हणून नातवाला सारखी सर्दी आणि आजीचे गुडघे.

आता ह्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. शास्त्रात प्रदेशाचे पण तीन प्रकार सांगितलेत, आनूप म्हंजे पाणी-पाऊस-झाडी जास्त असलेला, तिथे कफाचा जोर, जांगल म्हंजे कोरडा, मोकळा, वारा जास्त, तिथे वाताचा, आणि दोन्हीच्या मधला तो साधारण. आपल्या एका जिल्ह्यात हे तिन्ही बघायला मिळतात. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल, गोधडीला वास, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे जावा, कोरडं वारं, टाचा फुटलेल्या. बेळगाव शहर दोन्हीच्या मधे कुठेतरी. मग जांबोटीच्या माणसाला आणि अथणीच्या माणसाला एकच सल्ला कसा चालेल? दिल्लीत बसून व्हिडिओ करणाऱ्याचा तर सोडाच. त्यामुळे कुठलाही उपाय ऐकला की आधी विचारायचं, हा कुणाला, कुठल्या हवेत, कुठल्या ऋतूत सांगितलाय.

प्रकृतीच्या ऑनलाईन टेस्टबद्दल पण सांगून टाकतो. प्रकृती ही जन्मापासूनची, आणि आत्ता जे बिघडलंय ती विकृती. उपचार ठरतो तो आधी विकृती बघून, प्रकृती सोबतीला. दहा प्रश्नांत "तुम्ही पित्त आहात" असं कळून काय करणार? टाइमपास म्हणून सोडवा, त्यावरून पथ्य ठरवू नका.

पहिले पंधरा दिवस: काही बदलू नका, फक्त लिहा

एक साधी वही घ्या. रोज चार गोष्टी लिहायच्या. सकाळी उठल्यावर जीभ कशी आहे, स्वच्छ की पांढरा थर. पोट साफ झालं का, कधी, कसं. प्रत्येक जेवणाआधी खरी भूक होती की घड्याळ बघून बसलात. आणि झोप.

हे लिहायचं ते अग्नी, म्हंजे आपली पचनाची ताकद, कळावी म्हणून. आयुर्वेदात अग्नी चार प्रकारचा. सम, म्हंजे वेळेवर भूक, वेळेवर पचन. विषम, आज भूक आहे उद्या नाही, कधी गच्च कधी जुलाब, हा वाताचा. तीक्ष्ण, सारखी भूक, खाल्लं नाही तर डोकं उठतं, चिडचिड, हा पित्ताचा. आणि मंद, थोडं खाल्लं तरी तासन्‌तास जड, हा कफाचा. पंधरा दिवसांचं वाचलं की आपला अग्नी कुठल्या बाजूला झुकतो हे बऱ्याच जणांना आपलं आपण कळतं. अन्न नीट पचलं नाही की जे कच्चं, चिकट राहतं त्याला आम म्हणतात, जिभेवरचा थर, अंग जड, तोंडाला चव नाही ही त्याची लक्षणं. आम असताना कुठलंही टॉनिक, च्यवनप्राश, तूप-बीप घेतलं तर लागू पडत नाही, उलट जडपणा वाढतो. लोकांचं नेमकं इथेच चुकतं. अशक्तपणा वाटला की च्यवनप्राशची बाटली, आणि भूक आधीच मेलेली.

मागचं जेवण पचलं हे ओळखायच्या खुणा पण सांगितलेल्या आहेत. ढेकर स्वच्छ येतो, खाल्लेल्याचा वास नसतो, अंग हलकं वाटतं, उत्साह असतो, लघवी-शौच नीट होते आणि मग भूक-तहान लागते. ह्या खुणा आल्या की जेवायचं. नुसतं एवढं पाळलं तरी कित्येकांची ॲसिडिटीची गोळी कमी होते, मी माझ्या आसपास बघतोय.

मग जेवण

पोटाचे चार भाग धरायचे, दोन भाग घट्ट अन्न, एक भाग पातळ, एक भाग वाऱ्यासाठी मोकळा. म्हंजे दोन भाकरीची भूक असताना तिसरी "घे रे, गरम आहे" म्हणून वाढली तरी नाही म्हणायचं. आपल्याकडे हे पाहुणचारात फार अवघड जातं हे मान्य.

दुपारचं जेवण मोठं, रात्रीचं हलकं आणि लवकर. गिरणी-कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्याला किंवा ऊस गेल्याशिवाय घरी न येणाऱ्याला सातला जेवा सांगण्यात अर्थ नाही, पण मग रात्री तांबडा रस्सा आणि भात ह्याच्याऐवजी मुगाची आमटी-भाकरी किंवा नाचणीची आंबील तरी करता येते.

दह्यावरून सगळ्यात जास्त वाद होतो. आयुर्वेदात रात्री दही नको असं स्पष्ट आहे, आणि आपल्या भागात शेवटचा भात दह्याशिवाय उतरत नाही. तर मधला रस्ता म्हंजे दही-भात दुपारी, आणि रात्री हवंच असेल तर पातळ ताक, त्यात सुंठ-जिरं. सारखी सर्दी, सायनस, अंगावर सूज असणाऱ्यांनी मात्र रात्रीचं दही खरंच बंद करून बघावं, पंधरा दिवसांत फरक पडला की नाही ते वहीत दिसेलच. मध गरम करायचा नाही, उकळत्या पाण्यात तर नाहीच. आणि कुंदा-मांडे खाऊ नका असं मी सांगणार नाही, फक्त जेवणावर जेवण म्हणून नको, आणि शुगर असेल तर तुमचं तुम्हाला माहितीय.

तेल लावणं

दिनचर्येत बरंच आहे, पहाटे उठणं, दात, जीभ, नाकात तेलाचे थेंब, व्यायाम. सगळं एकदम सुरू केलं तर आठवड्यात सुटतं. मी म्हणेन एकच घ्या, अभ्यंग, म्हंजे अंगाला तेल. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल मिळालं तर उत्तम. एका वाटीत दोन-तीन चमचे तेल घ्या, ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, थेट गॅसवर नको. तेल कोमट झालं की आधी टाळूवर, मग कानाच्या मागे, मग हात-पाय. लांब हाडांवर हात लांब फिरवायचा, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या दिशेने हलका. तळपाय सोडायचे नाहीत. रोज वेळ नसेल तर डोकं, कान आणि तळपाय एवढं तरी, हे तीन शास्त्रातही खास सांगितलेत. पंधरा-वीस मिनिटं थांबून गरम पाण्याने आंघोळ, साबणाऐवजी डाळीचं पीठ लावलं तर तेलकटपणा जातो. आणि तेलकट पायाने बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर चालू नका, गुडघ्यासाठी तेल लावायचं आणि खुबा मोडून घ्यायचा असं होतं, घरात म्हातारी माणसं असतील तर आधी पाय पुसा.

ताप असेल, अपचन असेल, छाती कफाने भरलेली असेल, नुकतंच जेवला असाल, तर तेल नाही.

ऋतूप्रमाणे

ह्याचं थोडक्यात. पावसाळ्यात अग्नी सगळ्यात मंद आणि वात वाढलेला, म्हणून जुनं धान्य, गरम, पातळ, सुंठ-जिरं घातलेलं, पाणी उकळून. आपल्याकडे पावसाळ्यातच भज्यांचा जोर असतो, असू दे, कधीतरी. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की साठलेलं पित्त उसळतं, तेव्हा अंगावर पुरळ, तोंड येणं, जळजळ, त्या वेळी ठेचा-लोणचं कमी, तूप आणि गोड-कडू चवी जास्त. थंडीत अग्नी जोरात, तीळ-गूळ, उडीद, लोणी-भाकरी सगळं पचतं. थंडी सरताना कफ पातळ होऊन सर्दी-खोकला, तेव्हा हलकं आणि कोरडं खायचं, दुपारची झोप बंद.

घरात काय ठेवायचं

जास्त काही नाही. सुंठ, ओवा, जिरं, हिंग, हळद, त्रिफळा, तिळतेल. हिंगाष्टक घेत असाल तर ते आठ वस्तूंचं चूर्ण आहे, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग, आणि ते जेवणाच्या पहिल्या घासाला तुपात कालवून घ्यायचं असतं, जेवण झाल्यावर पाण्याबरोबर गिळायचं नसतं. गॅस आणि मंद भूक असेल त्याला चांगलं, छातीत जळजळ असणाऱ्याने लांब राहावं. बीपी असेल तर त्यातलं मीठ पण लक्षात ठेवा. त्रिफळा म्हंजे हिरडा, बेहडा, आवळा, झोपताना अर्धा चमचा कोमट पाण्यात, पोट पातळ झालं की थांबवायचं, गरोदर बाईने आपल्या मनाने घ्यायचं नाही.

काढ्याची भरड आणली तर साधारण १० ग्रॅमला १६० मिली पाणी, मंद आचेवर, झाकण न ठेवता, चौथा हिस्सा म्हंजे ४० मिली राहीपर्यंत. कुकरमध्ये शिट्ट्या काढून काढा होत नाही. काष्ठौषधींच्या, म्हंजे झाडमुळ्यांच्या दुकानात दुकानदार कन्नड बोलणारा असला तर गुळवेलीला अमृतबळ्ळी, वेखंडाला बजे असं सांगितलं की पटकन काढून देतो. बुरशी, जाळी, कुबट वास असेल तर घेऊ नका, खानापूरसारख्या ओलसर हवेत तर महिन्याचंच आणा, वर्षाचं नको.

वैद्य कसा निवडायचा

डिग्री बीएएमएस, साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि राज्याच्या बोर्डाचा रजिस्ट्रेशन नंबर. दवाखान्यात किंवा चिठ्ठीवर तो दिसला पाहिजे, नसेल तर विचारायला लाजू नका. बऱ्याच बीएएमएस डॉक्टरांची प्रॅक्टिस ॲलोपॅथीच्या गोळ्यांवरच चालते, म्हणून फोनवरच विचारा, "डॉक्टर, तुम्ही शुद्ध आयुर्वेदाची ट्रीटमेंट देता का?" काय उत्तर येतं त्यावरून कळतं. कुणी ओळखीचं नसेल तर कॉलेजच्या हॉस्पिटलची ओपीडी बरी, बेळगावात शहापूरला केएलई संस्थेचं बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून आहे. नेहरूनगरला आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था पण आहे, पण तिचं काम संशोधनाचं.

पहिल्या भेटीत चांगला वैद्य वेळ घेतो. आठ गोष्टी बघायची पद्धत आहे, नाडी, मूत्र, मल, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे आणि एकूण ठेवण. नाडी बघताना अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवतात, तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ, शक्यतो सकाळी रिकाम्या पोटी. पण काहीच न विचारता नुसती नाडी धरून दहा रोगांची यादी सांगणारा, आणि लगेच काही हजारांचं पॅकेज काढणारा भेटला तर चप्पल घालून निघा. भाषेची अडचण वाटत असेल तर घरातल्या कन्नड येणाऱ्याला बरोबर न्या, पोटाच्या तक्रारी अर्धवट सांगून उपयोग नाही. वही तर न्याच.

औषध दिलं की तीन गोष्टी विचारा, जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर, आणि किती दिवस. "कशाबरोबर" ह्याला अनुपान म्हणतात, तेच औषध मधाबरोबर वेगळं आणि तुपाबरोबर वेगळं काम करतं. आसव-अरिष्टात, म्हंजे आंबवून केलेल्या पातळ औषधांत, तयार होताना आपोआप थोडी दारू होते आणि गूळ-साखर पण असते, शुगर किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आधीच सांगा.

बिनलेबलची पुडी मात्र घेऊ नका, कितीही नाव असू दे त्या माणसाचं. सांधेदुखीची पुडी खाऊन दोन दिवसांत पळायला लागलात तर त्यात स्टेरॉईड असायची शंका घ्या. भस्म आणि रसौषधींमध्ये, म्हंजे धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांत, पारा, शिसं अशा वस्तू असतात, त्या नीट शुद्ध केलेल्या, लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक आणि तारीख छापलेल्या, आणि वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

काविळीचं गावठी औषध देणारे आपल्याकडे गावोगावी आहेत. साधी व्हायरल कावीळ पुष्कळदा विश्रांती आणि पथ्यावर आपोआप उतरते आणि नाव औषधाचं होतं. पण पित्ताच्या नळीत खडा अडकला तरीही डोळे पिवळेच होतात, आणि गरोदरपणातली कावीळ जीवावर बेतू शकते. म्हणून आधी रक्ताची टेस्ट, सोनोग्राफी, मग पथ्य काय ते.

पंचकर्म

वमन (औषधाने उलटी करवणं), विरेचन (जुलाब करवणं), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच. तेल लावून वाफ घेणं ही फक्त तयारी आहे, गोव्याच्या बाजूला रिसॉर्टवर जे मिळतं ते बहुतेक एवढंच असतं, अंग मोकळं होतं, पण त्याला पंचकर्म म्हणू नका. खरं करायचं तर आधी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप प्यायचं, मग अभ्यंग आणि शेक, मग मुख्य कर्म, आणि त्यानंतर पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं कढण असं करत काही दिवसांनी नेहमीच्या जेवणावर यायचं. हा शेवटचा भाग लोक टाळतात, घरी येऊन बिर्याणी खातात आणि मग पोट बिघडलं म्हणून डॉक्टरला शिव्या देतात. सुट्टी काढता येत असेल तरच हात घाला. निरोगी माणसाने ऋतूप्रमाणे करायचं तर वसंतात वमन, पावसाळ्यात बस्ती, शरदात विरेचन. नवीन माणसाला पहिल्या वर्षी ह्याची गरज नसते असं माझं मत. हार्टचा त्रास, गरोदरपण, फार अशक्तपणा असेल तर वमन-विरेचनाचं नावही नको.

चालू गोळ्यांचं काय

बीपी, शुगर, थायरॉईड, फिटची गोळी, इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी, ह्यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही, आणि "हे बंद करा, माझं सुरू करा" असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या वैद्याकडे परत जायचं नाही. कमी करायची वेळ आली तर ती रिपोर्ट बघून, ज्या डॉक्टरने लिहून दिलीय त्याला विचारून.

झाडपाला म्हणून सगळं निरुपद्रवी असं नसतं. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मांडलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दिसायला सारखी दुसरी वेल असेल असं त्यांचं म्हणणं. वाद काही असो, कुंपणावरची वेल ओळख पटल्याशिवाय उकळून पिऊ नका, आणि रोज महिनोन्‌महिने तर नाहीच. कुठलंही औषध चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे वाटले, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी थांबवून लिव्हरची टेस्ट करा.

औषध सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत भूक, पोट किंवा झोप ह्यातलं एक तरी हललं पाहिजे, काहीच नाही तर वैद्यांना जाऊन सांगा, तीच बाटली सहा महिने ओढू नका. सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि बाटल्यांच्या लेबलचे फोटो एकाच फाईलमध्ये ठेवा, वैद्यांकडे जाताना ती, ॲलोपॅथीच्या डॉक्टरकडे जाताना पण तीच, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला ती आधीच दाखवा.